पाखरांचं गाणं आणि गावचा सप्ताह: पुण्याच्या आसपास कधी, कुठे, कसं ऐकावं

चैत्री पौर्णिमेच्या पहाटे पुणे जिल्ह्यातल्या गावोगावी मारुतीच्या देवळात जन्माचं कीर्तन उभं असतं. अंगणात सतरंज्या पसरलेल्या, पेंगुळलेली पोरं आयांच्या मांडीवर, आणि बुवा कथा रंगवत रंगवत नेमकी सूर्योदयाची वेळ गाठायला निघालेले. मधेच बुवा श्वास घ्यायला थांबतात, पखवाजावरचा हात क्षणभर विसावतो आणि तेवढ्यात देवळामागच्या चिंचेवरचा दयाळ ऐकू येतो. तो कीर्तनाच्या आधीपासून गातोय, फक्त आपलं लक्ष आत्ता गेलं. मग उजाडतं, फुलं उधळली जातात, पाळणा म्हटला जातो, हातावर सुंठवडा पडतो. तोवर कोकीळ, बुलबुल, तांबट सगळे लागलेले असतात.

माझं आजोळ पुरंदर तालुक्यातलं आणि आजोबा टाळकरी. लहानपणी मी हे दोन्ही एकाच वेळी ऐकलं, म्हणून माणसांचं गाणं आणि पाखरांचं गाणं माझ्या मनात कधी वेगळं झालं नाही. पुढे पुण्यात राहायला आल्यावर डिसेंबरात भरणाऱ्या शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व महोत्सवाची गोडी लागली, सिंहगडाच्या पायथ्याला पहाटे जायचं वेड लागलं, आणि आता ओळखीची माणसं दर वर्षी एकच प्रश्न विचारतात: "डिसेंबरात सवाईला येतोच आहोत, तर एखाद्या पहाटे पक्ष्यांचं गाणं ऐकायला कुठे जाऊ?"

हा लेख त्या प्रश्नाचं उत्तर आहे. उत्तराची सुरुवात जरा निराशेची आहे, ती आधी सांगून टाकते.

पहिली पायरी: हंगाम समजून घ्या

डिसेंबरात पक्षी दिसतात भरपूर, पण गात नाहीत. मी स्वतः हे चुकून शिकले. एका वर्षी महोत्सवाची शेवटची मैफल ऐकून, चार तास झोप काढून, अंधारात सिंहगडाच्या पायथ्याची आतकरवाडी गाठली होती. मनात भैरवी घोळत होती आणि कानांना तसंच काहीतरी हवं होतं. तीन तासांत कानावर पडलं ते झुडपातलं 'चक्, चक्' आणि 'टिक्, टिक्'. झाडी पाखरांनी भरलेली होती, पण गाणं नव्हतं.

कारण साधं आहे. पक्ष्यांच्या आवाजाचे दोन मोठे प्रकार. एक म्हणजे साद: इशारा, भूक, थव्याला धरून राहण्याची हाक. ती बारा महिने असते. दुसरं म्हणजे गाणं: ते बहुतेक जातींत नर गातो, 'ही हद्द माझी' असं इतर नरांना सांगायला आणि मादीला बोलवायला. दिवस मोठा होऊ लागला की पक्ष्यांच्या शरीरातली संप्रेरकं बदलतात आणि गाणं सुरू होतं. हिवाळ्यात आपल्याकडे आलेले पाहुणे पक्षी इथे खायला आणि थंडी काढायला आलेले असतात. त्यांची घरटी उत्तरेला, म्हणून त्यांचं गाणंही तिकडेच.

आपल्या रहिवासी पक्ष्यांचं गाणं फाल्गुनात उमलू लागतं, चैत्र-वैशाखात भरात येतं, आणि काहींचं तर मृगाच्या पावसानंतर खुलतं. संगीताचा शहरी हंगाम मात्र दिवाळी पहाटेपासून माघापर्यंत. हे दोन्ही हंगाम एकमेकांवर पडतच नाहीत. शहराऐवजी गावाकडे पाहिलं तर पडतात. रामनवमी ते हनुमान जयंती हा हरिनाम सप्ताहाचा काळ आहे, आणि वर्षातलं सगळ्यात चांगलं पक्षिगान याच दिवसांत ऐकू येतं. या लेखाचा भर म्हणून या दिवसांवर आहे. मार्चअखेर पुण्यात साडेसहाच्या सुमारास उजाडतं आणि मेअखेर सहाच्या थोडं आधी. घड्याळ त्या हिशेबाने लावा.

दुसरी पायरी: घरीच कान तयार करा

गावाला जाण्याआधी निदान पंधरा दिवस घराच्या गॅलरीत किंवा जवळच्या टेकडीवर रोज दहा मिनिटं बसा. वेताळ टेकडी, तळजाई, एम्प्रेस गार्डन, पाषाण तलाव, जे जवळ असेल ते. सुरुवातीला शंभर पक्षी ओळखायच्या मागे लागू नका. तीनच घ्या, आणि ते या क्रमाने घ्या, कारण गाणं ऐकायला शिकतानाही आपण याच क्रमाने शिकतो: आधी लय, मग सूर, मग बढत, म्हणजे हळूहळू होणारा विस्तार.

लयीसाठी तांबट. हा चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल टिळा असलेला पक्षी. वड, पिंपळ, उंबर फळांवर आले की हमखास येतो. 'टुक्, टुक्, टुक्' असा त्याचा ठोका चालू झाला की मिनिट मिनिट थांबत नाही. कसबा पेठेतल्या तांबट आळीत हातोड्याखाली तांब्याचं भांडं घडताना ज्यांनी ऐकलंय त्यांना हे नाव का पडलं ते सांगावं लागणार नाही. मांडीवर बोटांनी त्याच्या ठोक्याशी ठोका मिळवून पाहा. मग सोळा मात्रा मोजा. कधी तो लय जराशी बदलतो आणि दूरचा दुसरा तांबट वेगळ्या लयीत उत्तर देतो. दोन्ही एकाच वेळी मोजता येऊ लागले की कान बराच पुढे गेला समजा. जवळून दिसला तर पाहा: आवाज काढताना चोच मिटलेली असते, फक्त गळा फुगतो.

सुरासाठी कोकीळ. 'कुहू' सगळ्यांना माहीत असतं, पण फार थोड्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलेलं असतं. नीट ऐका: प्रत्येक 'कुहू' आधीच्यापेक्षा थोडा वर चढतो, टोकाला पोचतो आणि अचानक तुटतो. मग खालून पुन्हा सुरुवात. आपल्याबरोबर गुणगुणत चढून पाहा, किती पायऱ्या झाल्या ते मोजा. जुन्या संगीतशास्त्रात मोराचा षड्ज, क्रौंचाचा मध्यम आणि कोकिळाचा पंचम मानलाय. तो शब्दशः घ्यायचा नाही, पण पक्षी ऐकत ऐकत स्वर समजून घेण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे ते त्यातून कळतं. गाणारा हा काळाभोर नर. मादी ठिपकेदार, तपकिरी, आणि तिचा आवाज 'किक्-किक्-किक्' असा भराभर. कविता 'कोकिळा गाते' म्हणतात, पण गातो कोकीळ.

आणि बढतीसाठी दयाळ. काळा-पांढरा, शेपटी उभी करून सोसायटीच्या सगळ्यात उंच अँटेनावर किंवा शेंड्यावर बसणारा. मार्चपासून तो सूर्योदयाच्या तासभर आधी सुरू करतो. त्याचं गाणं छोट्या छोट्या तुकड्यांचं असतं. एक तुकडा म्हणतो, थांबतो, मग त्यातलंच काही घेऊन दुसरं काही जोडतो. एखादा गवई चीज, म्हणजे बंदिश, मांडून तिच्यात विस्तार करतो तसं. दहा तुकडे ऐका आणि पहिल्या तुकड्यातलं काय परत आलं ते शोधा. पक्ष्याला आपल्यासारखा कंठ नसतो. त्याचा स्वरयंत्राचा अवयव श्वासनलिका जिथे दुभंगते तिथे, छातीत खोल असतो, आणि दोन्ही शाखांतून एकाच वेळी वेगवेगळे आवाज काढता येतात. दयाळाच्या गाण्यात कधी कधी दोन पक्षी गातायत असं वाटतं, त्यामागे हेच आहे.

हे तिघं पक्के झाले की मग लालबुड्या बुलबुल, शिंपी, राखी वटवट्या, शिंजीर हे आपोआप येतात. शिंप्याचा आवाज ऐकून मोठा पक्षी शोधायला जाल तर फसाल. अंगठ्याएवढ्या जिवाचा तो आवाज असतो.

वहीत नावांपेक्षा रेघा काढा. वर जाणारा आवाज वर जाणारी रेघ, ठोक्यांना टिंबं, थरथरीला नागमोडी. आणि बोल आपल्या भाषेत बसवा. पावशाला आपल्या शेतकऱ्यांनी 'पेरते व्हा, पेरते व्हा' दिलंय, टिटवीला 'टिटी-टिवटिव', तित्तराला 'कतीतर, कतीतर'. असा बोल एकदा बसला की विसरत नाही.

तिसरी पायरी: जागा निवडा

सिंहगडाचा पायथा. पुण्यापासून तीसेक किलोमीटर. आतकरवाडीच्या बाजूला ओढ्याकाठी झाडीचा पट्टा आहे, पक्षीमित्र त्याला सिंहगड व्हॅली म्हणतात. नवख्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. झाडं उंच आहेत, पाणी जवळ आहे आणि वारा अडतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. एप्रिलात इथे नाचण शेपटीचा पंखा उघडमीट करत पाच-सहा स्वरांची उतरती शीळ घालतो. टिकेलचा निळा माशीमार धातूसारखा बारीक, झटपट तुकडा म्हणतो आणि गप्प बसतो. सुभग लांब शीळ ओढतो. हळद्या बासरीसारखा एकच भरीव स्वर लावतो. जमिनीवरच्या पाचोळ्यात सातभाईंचा गलका असतोच.

फक्त रविवार टाळा. गडावर चढणाऱ्यांची गर्दी पहाटे पाचपासून लागते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात गाणं वाजत असतं. मंगळवार-बुधवार उत्तम. स्वारगेटहून पायथ्यापर्यंत बस आहे, पण ती उजाडायच्या आधी पोचवत नाही, म्हणून स्वतःचं वाहन किंवा आदल्या रात्री तिकडेच मुक्काम. परतताना गडावर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही, त्याबद्दल पुणेकरांना मी काय सांगणार.

दुसरी जागा माळरानाची: सासवड, जेजुरी, सुपे. झाडीत ऐकणं आणि माळावर ऐकणं हे दोन वेगळे अनुभव आहेत. माळावर गायकाला उंच फांदी मिळत नाही, म्हणून तो आकाशात चढून गातो. चंडोल उडत उडत गातो, आणि डोंबारी नावाचा छोटा चंडोल उंच जाऊन शीळ घालत खाली सूर मारतो, परत वर चढतो, परत मारतो. डोंबाऱ्याच्या कसरतीवरून त्याला नाव मिळालं. साइक्सचा चंडोल तर इतर पाखरांच्या आवाजांच्या नकला करतो. ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो ते कर्नल साइक्स दख्खनमध्ये नोकरीला होते आणि त्यांनी 1832 मध्ये इथल्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. सुप्याजवळचं मयुरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा आणि माळावरचे पक्षी पाहायला उत्तम. माळावर ऊन लवकर चढतं. साडेआठनंतर थांबू नका.

तिसरी, देहूजवळचा भंडारा डोंगर. तुकोबा इथे एकांताला येत. वृक्षांना आणि पाखरांना सोयरे म्हणणाऱ्या माणसाने ही जागा निवडली होती, हे तिथे पहाटे बसल्यावर पटतं. माघ शुद्ध दशमीला इथे मोठा सोहळा असतो, पण तेव्हा गर्दी फार. पाखरं ऐकायची तर एरवीचा दिवस घ्या आणि पायऱ्यांच्या बाजूने, उतारावरच्या झुडपांजवळ बसा.

भिगवण आणि कवडीपाट मी मुद्दाम बाजूला ठेवते. रोहित (फ्लेमिंगो), चक्रवाक, पट्टकादंब हंस पाहायला हिवाळ्यात जरूर जा, पण ती डोळ्यांची मेजवानी आहे. आणि ताम्हिणी घाटातला शीळकरी कस्तुर हा पक्षी ऐकायचा असेल तर पाऊस लागल्यावर जा. रस्त्याने निवांत चाललेला एखादा पोरगा धून विसरत, आठवत शीळ घालतोय असं वाटतं. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा खरंच माणूस शोधत होते.

चौथी पायरी: पहाट कशी बसून काढायची

सूर्योदयाच्या निदान पाऊण तास आधी जागेवर बसलेलं असायला हवं. बसलेलं, पोचलेलं नव्हे. आपण चालत आलो की आसपासची पाखरं दहा-पंधरा मिनिटं गप्प होतात, तो वेळ त्यांना द्या. पहाटे हवा थंड आणि स्थिर असते, वारा पडलेला असतो, म्हणून आवाज लांब जातो. शिवाय किडे अजून हलायला लागलेले नसतात, चरायला जाऊन उपयोग नसतो. गाण्यासाठी तीच वेळ रिकामी.

अंधारात सगळ्यात आधी कानावर पडतो तो रातवा या निशाचर पक्ष्याचा ठोका किंवा पिंगळ्याची शेवटची कलकल. मग दयाळ. मग कोकीळ, कावळे, बुलबुल. तांबूस उजेड आला की वटवटे, शिंपी, शिंजीर. ऊन झाडाच्या शेंड्याला लागलं की तांबट आणि पोपट. आणि सगळ्यात उशिरा, सभेला उशिरा येऊन सर्वांत जास्त बोलणाऱ्या मंडळींसारखे, सातभाई.

या वेळात एकच गोष्ट करा. सगळे आवाज एकदम पकडायचा प्रयत्न सोडून द्या आणि एका पक्ष्याला पाच मिनिटं धरा. दुसरा कितीही गोड आला तरी सोडू नका. पाच मिनिटांनी बदला. तंबोऱ्याच्या चार तारांतली एक तार निवडून तिच्या मागे जाण्याचा सराव ज्यांनी केलाय त्यांना हे लगेच जमेल. कानांमागे दोन्ही तळवे ओंजळीसारखे धरून पाहा. समोरचा आवाज एकदम मोठा होतो आणि दिशा कळते.

एक गोष्ट ज्येष्ठ वाचकांसाठी. वय वाढतं तसे सगळ्यात बारीक, वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात. माझ्या आजोबांना अखेरच्या वर्षांत शिंजीर ऐकू येत नसे. ते मला शेजारी बसवत आणि विचारत, "आता कुठं हाय? काय म्हणतोय?" मी शीळ घालून दाखवायचे, खालच्या पट्टीत. नातवंडांना बरोबर न्या. दोघांनाही लागतं ते एकमेकांकडे असतं.

मोबाइलवरचं मर्लिन हे मोफत ॲप आवाज ऐकून नाव सुचवतं. आपल्या भागाचा संच आधी उतरवून ठेवला तर नेटवर्क नसतानाही चालतं. पण ते दुसऱ्या दिवशी वापरा. पहिल्या दिवशी वापरलंत तर डोळे पडद्यावर राहतात आणि कान सुट्टीवर जातात. त्याने सुचवलेलं नाव स्वतः पक्षी पाहून खात्री झाल्याशिवाय वहीत लिहू नका.

आणि कृपा करून पक्ष्याला जवळ बोलवायला त्याचंच ध्वनिमुद्रण वाजवू नका. त्याच्या दृष्टीने ती त्याच्या हद्दीत शिरलेल्या दुसऱ्या नराची आरोळी असते. तो घरटं, पिल्लं, खाणं सोडून भांडायला येतो. आपल्याला मिळतो एक फोटो आणि त्याची सकाळ जाते.

पाचवी पायरी: सप्ताहाला जा

सप्ताहाची जाहिरात वर्तमानपत्रात क्वचितच येते. गावाच्या फाट्यावर फ्लेक्स लागतो. त्यावर सात दिवसांच्या कीर्तनकारांची नावं, वेळा आणि काल्याच्या दिवसाची तारीख असते. रामनवमीच्या आठवडाभर आधी सासवड, जेजुरी, मुळशी, मावळ अशा कुठल्याही रस्त्याने चक्कर मारली तर चार तरी सापडतील. देवळातल्या पुजाऱ्याला किंवा चहाच्या टपरीवर विचारा. पाहुणा ऐकायला आलाय म्हटल्यावर गाव हरखतं.

दिवस साधारण असा असतो. पहाटे चारनंतर काकडा, म्हणजे देवाला जागवायची आरती. सकाळी ज्ञानेश्वरीचं पारायण. दुपारी गाथा भजन. दिवस मावळताना हरिपाठ. जेवणं झाली की रात्री कीर्तन, आणि मग रात्रभर जागर. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन आणि गावजेवण.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी कीर्तनाआधी हरिपाठ ऐकावा असं माझं मत आहे. कीर्तनात बुवांची कथा आपल्याला ओढून नेते आणि संगीत मागे पडतं. हरिपाठात टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, पखवाज मधे, आणि सगळं गाव एकाच चालीत म्हणतं. पावलीला, म्हणजे टाळाच्या ठेक्यावर पावलं टाकत नाचायला, सुरुवात झाली की लय हळूहळू चढते. कधी चढली ते कळत नाही, फक्त आपल्या छातीत ठोका वाढलेला जाणवतो. इथे तांबटाचा सराव कामी येतो: पखवाजाचा एकच हात धरा, डावा, धुमेचा. तो खालून सगळं कसं उचलतो ते ऐका.

काकडा तर चुकवूच नका. बाहेर अंधार, आत समईचा उजेड, आवाज अजून जड. भूपाळ्या म्हणणारी म्हातारी माणसं. आणि देव जागा करता करता बाहेर पाखरं जागी होतात.

रीत थोडीशीच पाळायची आहे. चपला लांब काढा. आत गेल्यावर आधी देवाला, मग विणेकऱ्याला नमस्कार. सप्ताहभर वीणा खाली ठेवत नाहीत, आळीपाळीने कोणीतरी ती गळ्यात घेऊन उभं असतं. त्याच्या पुढून आडवं जाऊ नका. पंगतीला बसवलं तर नाही म्हणू नका, ताटात तेवढंच घ्या जेवढं संपेल. पावती फाडायची तर शेवटी, गाजावाजा न करता. ध्वनिमुद्रण करायचं तर बुवांना किंवा मंडळातल्या कोणाला विचारून.

एक अडचण खरी आहे: कर्णे. गावोगावी देवळाच्या शिखरावर चार दिशांना चार कर्णे लावतात आणि मग ना कीर्तन नीट ऐकू येतं, ना पाखरू. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला परवानगी नसते, ही गोष्ट पाहुण्याने गावाला सुनवायची नसते. पण ओळख झाल्यावर मी एवढं नक्की सुचवते की कर्ण्याचं तोंड अंगणाकडे वळवा, आवाज कमी ठेवला तरी बसलेल्यांना पुरतो. दोन गावांनी ऐकलं. त्यातल्या एका गावातल्या बुवांनी मला स्वतः सांगितलं की गळ्याला आराम पडला. गोंगाटात पक्षीही वरच्या पट्टीत गाऊ लागतात, हे युरोपातल्या शहरांत अभ्यासलं गेलंय. ताण दोघांवरही येतो.

सहावी पायरी: एका रात्रीचा बेत

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी दुपारी चारला पुणे सोडा. दिवे घाट चढून सासवडच्या पुढे, माळ आणि ओढा दोन्ही जवळ असलेलं एखादं गाव गाठा. ते आधी एकदा दिवसाउजेडी पाहून ठेवलेलं असावं. मावळतीला माळावर तासभर: संध्याकाळचं गाणं पहाटेपेक्षा विरळ, पण तित्तर आणि टिटव्या ऐकायला हीच वेळ. मग हरिपाठ, पंगत, कीर्तन. झोप देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या व्हरांड्यात, गावकऱ्यांना विचारून. साडेचारला उठून काकड्याला अर्धा तास बसा. पाचला शांतपणे उठा आणि ओढ्याकडे चालत जा, अर्धा किलोमीटर तरी. तिथे बसून दयाळापासून पुढचं सगळं ऐका. सहा वाजता परत फिरा, म्हणजे जन्माच्या वेळेला देवळात पोचाल.

एकट्याने जाऊ नका. पहाटे ओढ्याकाठी बिबट्या असू शकतो, जुन्नर-आंबेगावकडे तर जास्तच. दोघंतिघं, मोठ्याने बोलत चाला आणि बसल्यावर गप्प व्हा. टॉर्च, घोट्यापर्यंत बूट, गोचिडीसाठी पूर्ण बाह्या. कपडे मातकट रंगाचे. पाणी, शेंगदाणे-गूळ, बसायला पोत्याचा तुकडा. अत्तर लावू नका, त्याने माशा येतात. लोकांच्या शेतातून जाताना बांधावरून जा, पिकातून नको.

आणि डिसेंबरचं काय

सवाई गंधर्वांच्या, म्हणजे रामभाऊ कुंदगोळकरांच्या निधनानंतर पुढच्याच वर्षी, 1953 मध्ये, त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांच्या पुढाकाराने आर्य संगीत प्रसारक मंडळाने हा महोत्सव सुरू केला. अनेक वर्षं तो रमणबागेत भरत असे. रात्र रात्र चालत असे तेव्हा पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळायचे. आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर भरतो आणि रात्रीची मर्यादा आहे. खुर्चीपेक्षा भारतीय बैठक घ्या, पाठीला उशी आणि अंगावर शाल न्या, आणि गायक तंबोरे जुळवत असताना गप्पा मारू नका. त्या पाच मिनिटांत कान बसतो. महोत्सवाची सांगता सवाई गंधर्वांच्या ध्वनिमुद्रिकेतल्या भैरवीने होते, तोवर उठू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिंहगडाला जायचंच असेल तर गाणं ऐकायला जाऊ नका, साद ऐकायला जा. झुडपातलं ते 'चक्, चक्' कोणाचं हे ओळखत बसण्यातही मोठी मौज आहे. हिवाळ्यात ते शिकून ठेवलंत तर फाल्गुनात त्यातला एखादा रहिवासी पक्षी गायला लागल्यावर ओळखीचा वाटतो.

पहाटे ऐकून घरी आल्यावर मी अंघोळ उरकून ललत राग लावते. ललतात पंचम वर्ज्य आणि दोन्ही मध्यम. कोकिळाच्या वाट्याचा स्वरच त्यात नाही, आणि तरी तो पहाटेचा राग. एप्रिलात खिडकी उघडी ठेवून लावला की बाहेरचा कोकीळ मधे मधे तो स्वर भरून काढतोय असं मला वाटत राहतं. करून पाहा.

आणि सप्ताहाहून निघताना विणेकऱ्याला पुढच्या वर्षीच्या काल्याची तिथी विचारून वहीत लिहून घ्या. त्याच पानावर त्या सकाळी पहिला कोण गायला, किती वाजता, तेही लिहा.